पासिंगपुरती जीप

‘पासिंग’ हा शब्द आम्हा विद्यार्थ्यांच्या कानावर पडला की डोळ्यांपुढे पस्तीस गुण उभे राहतात. परंतु बेळगावपासून खानापूर, जांबोटी, कणकुंबीपर्यंतच्या रस्त्यावर ज्याचे पोट चालते अशा एखाद्या जीपवाल्यापुढे हा शब्द उच्चारून पाहावा. त्याच्या कपाळावर पडणाऱ्या आठ्या आमच्या परीक्षेच्या दिवसांतील आठ्यांहून कमी नसतात. त्याच्या लेखी पासिंग म्हणजे वर्षातून एकदा गाडी परिवहन कार्यालयाच्या पटांगणात उभी करून ‘ही रस्त्यावर चालण्यास योग्य आहे’ असा दाखला मिळवणे. मराठीत बोलताना तो त्याला पासिंग म्हणतो, कन्नडात बोलू लागला की एफ.सी. म्हणतो, काळजी दोन्ही भाषांत सारखीच.

महाविद्यालयाच्या अंकात जीपच्या पासिंगवर लेख पाहून काही मित्र हसतील. खुशाल हसोत. आपल्यापैकी कितीतरी जण सकाळच्या पहिल्या तासाला अशाच जीपच्या मागच्या बाकड्यावर गुडघ्याला गुडघा लावून येतात. त्या गाडीचा ब्रेक लागतो की नाही, हा प्रश्न मला तरी नोकरभरती किंवा परीक्षापद्धती यांच्याइतकाच जिव्हाळ्याचा वाटतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५६ व्या कलमानुसार भाड्याने चालणाऱ्या, म्हणजे पिवळ्या पाटीच्या गाडीजवळ योग्यतेचा दाखला नसेल, तर तिची नोंदणीच वैध धरली जात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ६२ व्या नियमाप्रमाणे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत हा दाखला दोन-दोन वर्षांनी नवा करायचा, आणि आठ वर्षे उलटली की दरवर्षी. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला मात्र पहिली पंधरा वर्षे कोणी विचारत नाही. त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नोंदणी नवी करताना काय ती तपासणी. तीच जीप, तोच चिखल, तोच घाट. पाटीचा रंग बदलला की काळजीचे मान बदलते. अर्थात दहा परक्या माणसांना बसवून नेणाऱ्याकडून कायद्याने अधिक मागावे, हे मला मान्य आहे.

माझा या विषयाशी संबंध असा की माझ्या मामांची एक फोर-व्हील जीप आहे. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे. पावसाळ्यात जांबोटीच्या पलीकडील आडवाटेच्या वाड्यांवर बस जाईनाशी झाली की ती जाते. दुधाच्या किटल्या, खताची पोती, शाळेची मुले, आणि रात्री-अपरात्री अडलेली एखादी बाळंतीण, असा तिचा व्यवसाय. मी वाणिज्य शाखेला गेल्यापासून तिच्या जमाखर्चाची वही माझ्याकडे आली. त्या वहीत ‘पासिंग’ या एका शब्दाखाली दरवर्षी जो खर्च पडलेला दिसला, त्याची फोड करता करता हा लेख सुचला.

पासिंगची तयारी आपल्याकडे कशी होते? तारीख जवळ आली की आठ दिवस आधी गाडी प्रथम डेंटरकडे जाते. गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरली जाते, वर रंगाचा हात फिरतो. मागे-पुढे रेडियमच्या पट्ट्या लागतात. बाकड्यांना नवे रेक्झिन चढते. फुटलेल्या इंडिकेटरची काच बदलते. विझवण्याचा नळकांडा आणि प्रथमोपचाराची पेटी ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून दोन तासांसाठी मागून आणली जाते. सहा-सोळाचे टायरही मागून आणले जातात, हे नवख्या माणसाला खरे वाटणार नाही. पण मी स्वतः पाहिले आहे. सकाळी एका जीपला चढवलेले टायर दुपारी उतरवून तिसऱ्या दिवशी दुसरीला चढतात. एकच शालू नेसून तीन बहिणींनी आळीपाळीने दाखवून घ्यावे, असा हा प्रकार. गाडी पास झाली की शालू परत पेटीत, आणि वर्षभर पुन्हा गुळगुळीत टायर.

आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री मार्गदर्शिका वाचतो त्याचेच हे भावंड आहे, असे कोणी म्हणेल. म्हणो. फरक एवढाच की वर्षभर न वाचता पास झालेल्या विद्यार्थ्याबरोबर घाटातून खाली कोणी गडगडत नाही.

हिशेबाच्या वर्गात याला एक नाव आहे: विंडो ड्रेसिंग. वर्ष संपायच्या सुमारास काही दिवस उसने पैसे बँकेत भरून ठेवावेत, म्हणजे ताळेबंदात शिल्लक भरघोस दिसते. एप्रिल उजाडला की पैसे ज्याचे त्याला परत. हाच दाखला पुढे नेतो, कारण पासिंगच्या प्रश्नाची किल्ली मला तिथेच सापडते. लेखापरीक्षक काही हिशेब लिहीत नाही. हिशेब संचालकांनी लिहायचे. त्याने ते चाचपून आपले मत द्यायचे. १८९६ साली इंग्लंडमधील किंगस्टन कॉटन मिलच्या खटल्यात न्यायालयाने लेखापरीक्षकाला राखणीच्या कुत्र्याची उपमा दिली आणि तो माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे असे सांगितले, हे आपल्यापैकी प्रत्येकाने परीक्षेत लिहिलेले असते. पासिंग करणाऱ्या निरीक्षकाचेही तसेच आहे. त्याच्यासमोर पटांगणात रांग लागलेली असते. तो चाक काढून ड्रम उघडू शकत नाही. तो दिवे पाहतो, हॉर्न वाजवतो, टायर पाहतो, गाडी थोडी चालवून ब्रेक दाबतो, कागद पाहतो, चासीचा नंबर जुळवतो. यंत्रांनी तपासणी करणारी केंद्रे आता ठिकठिकाणी होत आहेत. तेथे चाके रुळांवर फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो ते मोजले जाते, दिव्यांचा झोत आणि धूरही यंत्र मोजते. हे निश्चितच चांगले आहे. यंत्राला रेक्झिनचे अप्रूप नसते. तरीही यंत्र त्या दिवसाचा ब्रेक मोजते, पुढच्या आषाढातला नव्हे. तेव्हा खरी तपासणी ज्याला करता येते असा माणूस एकच, आणि तो म्हणजे गाडीचा मालक. दाखला हे त्याच्या तयारीवरचे एका दिवसाचे मत आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की तयारीचा क्रम उलटा करावा. आपण वरून खाली येतो. सुरुवात खालून व्हावी. रंग हा सर्वांत शेवटी, पैसे उरले तर.

आणि खालून म्हणजे कोठून, हे आमच्या मेस्त्रींनी मला शिकवले. मेस्त्री उर्दू, कन्नड, मराठी तिन्हींत बोलतात, आणि गाडीखाली गेले की चौथीच एक भाषा बोलतात. तीत शॅकल, बूश, यू-बोल्ट, किंगपिन असे शब्द असतात. सीमाप्रश्नाची चर्चा करणाऱ्यांनी एकदा जीपखाली निजून पाहावे. तेथे सर्वांचा शब्दसंग्रह एकच असतो. असो.

ब्रेकपासून आरंभ करावा. चारही चाके काढून ड्रम उघडायचे. ओढ्यातून, चिखलातून जाणाऱ्या जीपच्या ड्रममध्ये बारीक वाळू बसते आणि ती लायनिंग व ड्रम दोन्ही खरवडत राहते. लायनिंग किती उरले आहे यापेक्षा ते कोरडे आहे की नाही हे आधी पाहावे, कारण मागच्या आसाचे ऑईल सील गेले की गिअर-तेल सरळ लायनिंगवर उतरते, आणि तेल प्यालेले लायनिंग जाड असूनही कुचकामी असते. सील न बदलता नुसते लायनिंग बदलणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून घोंगडी वाळत घालणे. मग व्हील सिलिंडरची रबरे. जुन्या धाटणीच्या जीपांत चारही चाकांचा ब्रेक नळ्यांच्या एकाच जाळ्यावर चालतो. एका चाकाशी रबर फाटले की चारही चाके एकदम निर्ब्रेक होतात. या रबरांचा संच रंगाच्या एका डब्यापेक्षाही स्वस्त पडतो. ब्रेकचे तेलही बदलावे. ते हवेतील पाणी शोषते, आणि लांब उतारावर ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पायाखालचे पेडल स्पंजासारखे मऊ लागते. सपाट पटांगणावर, थंड ड्रमवर हे कधीच कळायचे नाही.

हँडब्रेकची गोष्ट आणखी निराळी. या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरपेटीच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी असलेल्या एका छोट्या ड्रमवर लागतो. पेटीचे मागचे सील गळू लागले की तेल त्याच्यावर. आमच्या भागातली एक जीप पासिंग होऊन तिसऱ्या आठवड्यात एका थांब्याच्या उतारावर उभी होती, हँडब्रेक ओढलेला होता, चालक खाली उतरून टपावरचे सामान सोडत होता. गाडी हळूच मागे सरकू लागली आणि शेताच्या बांधाला टेकून थांबली. आत बसलेल्या एका आजींचा गुडघा फुटला, भाजीची पाटी रस्ताभर झाली. बांध होता म्हणून एवढ्यावर भागले. नवा रंग, नवे रेडियम, सगळे त्या जीपवर चकचकीत होते. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक चालकाच्या पायाशी एक दगड ठेवलेला असतो, उतारावर चाकाखाली लावायला. तो दगड म्हणजे हँडब्रेकवरचा अविश्वासदर्शक ठरावच म्हणावा लागेल.

स्टिअरिंगला नियमांनी मर्यादा घातली आहे. चाक हातात धरून हलवले असता मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, म्हणजे पूर्ण फेरीचा बारावा भाग. हे घरच्या घरी पाहता येते. पुढची चाके सरळ ठेवून एकाने स्टिअरिंग हळूहळू हलवावे, दुसऱ्याने खाली चाकाकडे पाहावे, आणि चाक हलू लागले की ओरडावे. खेळ अधिक निघाला तर तो कोठून येतो हे शोधण्यासाठी पुढचे चाक जॅकवर उचलायचे. वरखाली धरून हलवले आणि खडखडले तर बेअरिंग किंवा किंगपिन; डावी-उजवीकडे धरून खडखडले तर टाय रॉडचे सांधे. मामांच्या जीपला हे काम करताना मी वरच्या बाजूचा मदतनीस होतो. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी नसावी, हाही नियम. पण चिखलात चालणाऱ्या जीपला तेवढ्यावर धंदा करू नये असे मेस्त्री म्हणतात, आणि लाल मातीचा चढ पाहिलेला कोणीही त्यांच्याशी वाद घालणार नाही.

चासीचा प्रश्न फसवा असतो. जीपची चासी बाहेरून आधी गंजत नाही, आतून गंजते. पाट्यांच्या हँगरजवळ चिखल भरून राहतो आणि महिनोन्महिने ओला असतो. वर काळा रंग मारला की बाहेरून लोखंड नवरदेवासारखे दिसते. मेस्त्री एक लहान हातोडी घेऊन चासी या टोकापासून त्या टोकापर्यंत टकटक करीत जातात. खणखणीत वाजले तर लोखंड, भदभद वाजले तर गंज. कान तयार झाला की यासारखी स्वस्त तपासणी नाही. जाता जाता चासीचा नंबरही मोकळा करावा. तपासणीच्या वेळी त्यावर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेतात. रंगाचे पाच थर बसलेला नंबर उठत नाही, मग मालक कानस घेऊन धावतो आणि आकडाच झिजवून बसतो. रॉकेलमध्ये भिजवलेले फडके आणि थोडा धीर, एवढेच त्यासाठी पुरते.

दिवे, वायपर, हॉर्न यांच्याबद्दल फार लिहीत नाही. ते सगळेच करतात. जुन्या जीपचे दिवे मंद असले तर बल्बवर खर्च करण्याआधी चासीला जोडलेली अर्थिंगची तार उघडून तिचा गंज खरवडावा, एवढेच सांगतो.

धुराचे मात्र सांगितले पाहिजे, कारण तेथे लबाडी सर्वांत सोपी. जुन्या डिझेल गाडीच्या धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज आहे. दाखल्याच्या दिवशी पंपाचा स्क्रू थोडा फिरवून डिझेल कमी करतात, गाडी स्वच्छ धूर सोडते, दाखला मिळतो, आणि परत येताना पहिल्याच चढावर जीव जातो म्हणून स्क्रू पुन्हा पूर्ववत होतो. काळा धूर का येतो हे कोणी पाहत नाही. या जीपांच्या हवेच्या गाळणीत तेल असते. धुळीच्या रस्त्यावर ते महिन्याभरात काकवीसारखे घट्ट होते, आणि इंजिन नाक दाबल्यासारखे होऊन धूर ओकते. गाळणी धुऊन नवे तेल घालायला अर्धा तास लागतो. त्याने न भागल्यास नोझल तपासून घ्यावेत.

हे सारे करायचे केव्हा? येथे माझे एक आग्रहाचे मत आहे. ही कामे पासिंगच्या तारखेला बांधून ठेवू नयेत. ती दसऱ्याला करावीत. पावसाळा नुकताच संपलेला असतो. चार महिने ओढे ओलांडून बेअरिंगमधील ग्रीस धुऊन गेलेले असते. गिअरपेटीत आणि आसात पाणी शिरले असेल तर तेल दुधाच्या कॉफीसारखे दिसते. खंडेनवमीला आपण सारे गाड्या धुतो, झेंडूच्या माळा घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. कन्नड शेजारी आयुधपूजा म्हणून हेच करतात. गाडी धुतलेली असते, घरातील माणसे जमलेली असतात. त्याच दिवशी आसाचा प्लग उघडून तेलाचा रंग पाहायला काय हरकत आहे? माळ बॉनेटला घालावी, पण नमस्कार करायला वाकलोच आहोत तर जरा आणखी वाकून खालीही पाहावे.

आता दुसरी बाजू. मामांना मी हे सगळे ऐकवले तेव्हा ते म्हणाले, “बाळा, वहीत लिहायला सोपं आहे. गाडी तीन दिवस मेस्त्रीकडे राहिली की तीन दिवसांचं भाडं गेलं, आणि त्या वाड्यांतली माणसं चालत आली.” त्यांचे खोटे नाही. अशा जीपचा मालक श्रीमंत नसतो. खुर्दा मोजून त्याचा संसार चालतो. तो रंगावर खर्च करतो, कारण तपासणीत रंग दिसतो असा त्याचा अनुभव आहे. सिलिंडरचे रबर दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवर खर्च कर असे गरिबाला सांगणे सोपे, त्याने तो करावा अशी व्यवस्था उभारणे कठीण. वहीत मी पासिंगच्या खर्चाचे ‘दिसणारा’ आणि ‘न दिसणारा’ असे दोन रकाने केले, तेव्हा निम्म्याहून अधिक रक्कम पहिल्या रकान्यात गेली. मामा बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग मेस्त्रींकडे गेल्यावर सवयीने म्हणालेच, “मेस्त्री, पासिंगपुरतं करून द्या.” मेस्त्री हात पुसत म्हणाले, “पासिंगपुरतं करतो की मालक. पण चोर्ल्याचा घाट पासिंगपुरता न्हाई बगा.” त्या वर्षी रंग राहिला आणि सील बदलले गेले. जीप पास झाली. फिकट रंगाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

सरकारचे धोरण या बाबतीत दुसऱ्याच टोकाला चालले आहे. गाडीची अवस्था मोजण्याऐवजी तिचे वय मोजण्याकडे कल आहे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणी-नूतनीकरणाचे आणि योग्यता-तपासणीचे शुल्क वाढले. २०२५ च्या नोव्हेंबरात तपासणीच्या शुल्कासाठी दहा, पंधरा, वीस वर्षे असे टप्पे पाडून ते आणखी वाढवण्यात आले. जुनी गाडी जास्त धूर सोडते, तिच्यात आधुनिक सुरक्षेची साधने नसतात, ती हळूहळू बाजूला व्हावी, हा विचार चुकीचा नाही. शहरांसाठी तर तो रास्तच आहे. पण वयावर पैसे घेतल्याने ब्रेक सुधारत नाही. उलट मालकाच्या खिशातून शुल्कापोटी जे गेले, ते सील आणि लायनिंगसाठी उरत नाही.

घसाऱ्याचे गणित येथे आठवते. भाड्याने चालवायच्या मोटारींवर आयकराच्या नियमांत घटत्या शिलकीवर ३० टक्के घसारा धरतात. एक लाखाची गाडी या हिशेबाने वीस वर्षांनी पुस्तकात सुमारे ८० रुपयांची उरते. पुस्तकात ८० रुपयांची असलेली जीप आमच्या वाडीतील बाईला मध्यरात्री इस्पितळात पोहोचवते, आणि पुस्तकात लाखाची असलेली दुसरी एखादी गाडी ब्रेकचे तेल न बदलल्यामुळे बांधावर जाते. पुस्तकी किंमत आणि लायकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आमचे सरच शिकवतात. मग रस्त्यावर तोच नियम का नको? तपासणी कडक करा, हवी तर वर्षातून दोनदा करा. पण जी पास होईल तिला तिचे वय विचारू नका.

काही मित्रांचे म्हणणे असे की या जीपा मोडीतच काढाव्यात, लोकांनी बसने जावे. बस येत असती तर जीप कशाला चालली असती? भीमगड अभयारण्याच्या आसपास आणि घाटमाथ्यावर अशा वाड्या आहेत की पावसात तेथवर पोहोचणारा रस्ता म्हणजे दगड, पाणी आणि शेवाळ. तेथे पुढची-मागची चारही चाके फिरणारी, मेस्त्रीला रस्त्यातच उघडता येणारी गाडीच जाते. नवी फोर-व्हील गाडी या भाड्यावर परवडत नाही. ज्या दिवशी तेथे पक्का रस्ता आणि वेळेवर बस होईल, त्या दिवशी मामा जीप आनंदाने विकतील. तसे ते दर पावसाळ्यात म्हणतातच.

‘सगळीकडे मध्यस्थ बसले आहेत, पैसे टाकले की काहीही पास होते, मग कशाला एवढा खटाटोप?’ हेही नेहमी ऐकू येते. हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त खटकतो. मध्यस्थ दाखला मिळवून देऊ शकेल, ब्रेक मिळवून देऊ शकत नाही. शिवाय जो मालक ‘सगळे तसेच आहे’ असे म्हणतो, तो त्याच जीपमध्ये स्वतःच्या मुलांना बसवून जत्रेला नेतो.

तपासणी करणाऱ्यांकडूनही एक-दोन अपेक्षा आहेत. गाडी नापास झाली तर कारणे तोंडी न सांगता मालकाला समजेल अशा भाषेत, कन्नडात आणि जेथे मराठी वाचणारे आहेत तेथे मराठीतही, लिहून मिळावीत. म्हणजे तो कागद थेट मेस्त्रीच्या हातात ठेवता येईल. विद्यापीठ आम्हाला कोणत्या विषयात नापास झालो ते निदान कळवते. आणि घाटात चालणाऱ्या जीपांचा हँडब्रेक उतारावर उभे करून पाहावा. त्यासाठी यंत्र लागत नाही, एक चढ पुरतो. आपल्या जिल्ह्यात चढांची वाण नाही.

प्रवासी म्हणून आपणही काही करू शकतो. दाखल्याची मुदत केव्हा संपते हे चालकाला विचारण्यात उद्धटपणा नाही. ‘अण्णा, एफ.सी. कधीपर्यंत आहे?’ एवढेच विचारायचे. पहिल्या दिवशी तो चिडेल, आठव्या दिवशी स्वतःच सांगेल. ज्या जीपने दाखल्याच्या दिवशी उसने टायर लावले होते, तिच्या आजच्या टायरकडे नुसते टक लावून पाहिले तरी बरेच काम होते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील एक मित्र आणि मी मिळून सध्या एक तक्ता तयार करीत आहोत. एका बाजूला कन्नड, एका बाजूला मराठी. ब्रेक, सील, हँडब्रेक, स्टिअरिंग, चासी, धूर या क्रमाने. रंग सर्वांत खाली. मेस्त्रींनी तो गॅरेजच्या भिंतीवर लावण्याचे कबूल केले आहे. काम एका शब्दापाशी अडले आहे. स्टिअरिंगच्या मोकळ्या हालचालीला मराठीत ‘खेळ’ लिहावे असे मी म्हणतो. मित्राला कन्नडात तसा शब्द पटत नाही. आणि मेस्त्री म्हणतात दोन्हीकडे सरळ ‘प्ले’ लिहा, नाहीतर कोणाला कळणार नाही. भाषा विषयाच्या प्राध्यापकांपैकी कोणास याहून बरा शब्द सुचत असल्यास दसऱ्यापूर्वी कळवावा.